पोट, त्यांतील जंतु आणि मनाची खिन्नता

आपल्या मराठी भाषेंत मनाच्या पुष्कळशा गोष्टी पोटाच्या नांवावर मांडलेल्या आहेत. भीति वाटली कीं पोटांत गोळा उठतो. वाईट बातमी कानीं आली कीं पोटांत धस्स होतें. दूर गेलेल्या लेंकरासाठीं आईचें आंतडें तुटतें. दुसऱ्याचा अपराध थोर मनाचा मनुष्य पोटांत घालतो. आणि एखादा वक्ता अगदीं मनापासून बोलूं लागला म्हणजे तो पोटतिडकीनें बोलतो असें आपण म्हणतों. हे वाक्प्रचार ज्यांनीं रूढ केले त्यांनीं शरीरशास्त्राचें एकही पुस्तक पाहिलें नसेल. तरी परीक्षेच्या दिवशीं सकाळीं ज्याला दोन घांस गिळवत नाहींत व घंटा होण्यापूर्वीं ज्याला दोनदां शौचास जावें लागतें, त्या विद्यार्थ्यास त्यांतील सत्य निराळें पटवून द्यावयास नको.

मनाचा परिणाम पोटावर होतो हें याप्रमाणें सर्वांच्या अनुभवाचें आहे. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं जो प्रश्न हातीं घेतला आहे तो उलट दिशेचा आहे. पोटाचा, आणि त्यांतल्या त्यांत पोटांत वस्ती करून राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा, मनावर परिणाम होतो काय? मनुष्य महिनोन् महिने खिन्न राहतो, त्याची झोंप उडते, कशांतच गोडी वाटेनाशी होते; ज्याला हल्लीं घरोघर 'डिप्रेशन' म्हणतात त्या दुखण्याचें एखादें मूळ आंतड्यांत असूं शकेल काय? जाहिरातींतून या प्रश्नाचें उत्तर मोठ्या धिटाईनें 'होय' असें देण्यांत येतें. प्रयोगशाळेंतून येणारें उत्तर त्याहून पुष्कळ सावध आहे, आणि माझ्या मतें त्याहून मनोरंजकही आहे. तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मनाकडून पोटाकडे जाणारा रस्ता प्रथम डोळ्यांना कसा दिसला, ती हकीकत मोठी विलक्षण आहे. इ. स. १८२२ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर, कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या वखारींत, चुकून बंदूक उडाली आणि होड्यांतून माल नेण्याचें काम करणाऱ्या अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणाला डाव्या कुशींत अगदीं जवळून बार बसला. तेथील लष्करी ठाण्याचे डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनीं त्याला वांचविलें; परंतु जठराला पडलेलें भोंक कधींच बुजलें नाहीं. बाहेरून आंत पाहतां येईल अशी एक खिडकीच त्या जागीं राहिली. १८२५ पासून ब्यूमाँट यांनीं असा क्रम चालविला कीं, मांसाचे, पावाचे, भाजीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या वाटेनें जठरांत सोडावे व ठराविक वेळानें ओढून काढून ते किती विरघळले तें पहावें. १८३३ सालीं त्यांनीं आपल्या निरीक्षणांचें पुस्तक छापलें. पचनाविषयींच्या अनेक नव्या गोष्टींबरोबर त्यांत हेंही नमूद आहे कीं, सेंट मार्टिन रागावला म्हणजे त्याच्या जठराच्या आंतील स्वरूपांत फरक पडे व पचन मंदावे. रागावण्यास त्याला कारणें नव्हतीं असें नाहीं! तो गरीब होता, डॉक्टरांच्या घरीं चाकरी करीत होता, आणि आपलें पोट हें दुसऱ्याचें पुस्तक व्हावें हें कोणाला आवडेल? ब्यूमाँट १८५३ सालीं वारले. सेंट मार्टिन १८८० पर्यंत जगला. तो वारल्यावर त्याचें प्रेत डॉक्टरांच्या हातीं लागूं नये म्हणून नातेवाइकांनीं तें मुद्दाम कुजूं दिलें व मग खोल पुरलें.

आतां आंतड्यांतील वस्तीकडे वळूं. इस्राएलमधील शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं केलेल्या हिशेबाप्रमाणें, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरांत सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु असतात. त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लक्ष कोटि. जंतु पेशींच्या दसपट असतात हें जुन्या पुस्तकांतील विधान आतां मागें पडलें आहे. या सर्व जंतूंचें वजन २०० ग्रॅमच्या आसपास भरतें, आणि त्यांतील बहुतेक सारे मोठ्या आंतड्यांत राहतात. 'जंतु' म्हटला कीं आपल्याला पटकी व विषमज्वर आठवतात. पण हे रहिवासी सामान्यतः आपले शत्रु नव्हत. भाकरींतील कोंडा, कडधान्यांचीं टरफलें, भाजीचे तंतु, हें जें जें आपल्याला पचवितां येत नाहीं तें हे जंतु आंबवितात आणि त्यापासून कांहीं साधीं आम्लें तयार करतात. त्या आम्लांवर आंतड्याच्या अस्तरांतील पेशी पोसल्या जातात. कांहीं जीवनसत्त्वेंही ते बनवितात, आणि कोण आपला व कोण परका हें ओळखण्याचें शिक्षण आपल्या रोगप्रतिकारशक्तीला बालपणीं बऱ्याच अंशीं त्यांच्याच सहवासांत मिळतें.

परंतु पोटाच्या तळाशीं असलेल्या या वस्तीचा निरोप कवटींतील मेंदूपर्यंत पोंचावा कसा? येथें रस्ते एकाहून अधिक आहेत. आंतड्यांच्या भिंतींत १० कोटींहून अधिक मज्जापेशींचें एक जाळें आहे, आणि व्हेगस नांवाची मज्जातंतूंची लांब दोरी मेंदूच्या बुडापासून मान व छातींतून खालीं उतरून त्या जाळ्यास भिडते. मेंदू हा हुकूम सोडणारा मामलेदार व पोट हा ताबेदार शिपाई, अशी आपली समजूत असते. पण व्हेगसच्या दर पांच तंतूंपैकीं सुमारें चार तंतु खालचा निरोप वर नेण्याचें काम करतात; म्हणजे हा मामलेदार सांगतो थोडें व ऐकतो फार. दुसरा रस्ता रक्ताचा. आंतड्यांत दाह उत्पन्न झाला तर त्याचे रासायनिक दूत रक्तांतून सर्व शरीरांत फिरतात; ताप आला असतां कोणाशीं बोलूं नये, पडून रहावें, असें जें आपणांस वाटतें तें अशाच दूतांचें काम असतें.

सेरोटोनिन नांवाच्या द्रव्याविषयीं येथेंच दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याच्या नांवानें बराच घोटाळा चालतो. नैराश्यावरील पुष्कळ औषधें मेंदूंतील या द्रव्यावर कार्य करतात. शरीरांतील सुमारें ९० टक्के सेरोटोनिन आंतड्यांत तयार होतें, आणि त्याच्या उत्पत्तींत जंतूंचा हात असतो हें कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २०१५ सालीं उंदरांवर दाखविलें. इतकें सर्व खरें आहे. परंतु त्यावरून 'पोटांत आनंद तयार होतो' असें जें छापून येतें तें खरें नाहीं. कारण रक्त व मेंदू यांच्यामध्यें एक बारीक गाळणीसारखी आडभिंत आहे, आणि आंतड्यांतील सेरोटोनिन ती ओलांडून जात नाहीं. तें आंतड्यांच्या हालचालीचें नियमन करतें. मनापर्यंत त्याचा परिणाम पोंचत असेलच तर तो व्हेगससारख्या आडवाटेनें पोंचत असला पाहिजे.

ही सारी कल्पना अगदीं नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील एली मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें, त्यांचें मत असें होतें कीं, मोठ्या आंतड्यांत अन्न कुजून विष निर्माण होतें व मनुष्य अकालीं वृद्ध होतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनीं आंबविलेल्या दुधाचा पुरस्कार केला. त्यांच्यामागून १९१० सालीं लंडनच्या बेथलेम येथील वेड्यांच्या इस्पितळांत जॉर्ज पोर्टर फिलिप्स या डॉक्टरांनीं विषण्णतेच्या १८ रोग्यांना दुधाचें आम्ल बनविणारे जिवंत जंतु देऊन पाहिले. ११ पूर्ण बरे झाले व २ सुधारले, असें त्यांनीं लिहिलें आहे. आंकडा मोहक खरा. परंतु ज्यांना जंतु दिले नाहींत अशा तसल्याच रोग्यांचा एक गट शेजारीं नव्हता. विषण्णता पुष्कळदां आपोआपही ओसरते. मग ते ११ जण जंतूंमुळें बरे झाले कीं काळामुळें, हें कळावें कशावरून?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम काय होतो तें अमेरिकेंत दिसलें. न्यू जर्सी संस्थानांतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांची अशी खात्री झाली कीं, वेडाचें कारण शरीरांत कोठेंतरी दडलेले जंतु होत. १९०७ ते १९३० या काळांत ते त्या जागीं होते. प्रथम त्यांनीं रोग्यांचे दांत उपटले. मग घशांतील गांठी काढल्या. तेवढ्यानें गुण येईना तेव्हां मोठीं आंतडीं कापून काढण्यास आरंभ केला. प्रतिजैविक औषधें तेव्हां नव्हतीं. आंतड्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं सुमारें ३० टक्के रोगी दगावत, हें त्यांच्या स्वतःच्या आंकड्यांवरूनच दिसे, आणि तरीही ते बहुसंख्य रोगी बरे होतात असा डंका पिटीत राहिले. कॉटन लबाड नव्हते; त्यांनीं आपले स्वतःचेही दांत काढविले होते. त्यांच्याजवळ एक सुंदर कल्पना होती, आणि ती खोटी ठरेल अशी परीक्षा त्यांनीं स्वतः कधीं घेतली नाहीं. ज्यांचीं आंतडीं गेलीं त्यांना तक्रार करण्याची सोय नव्हती, कारण वेड्याची तक्रार कोण ऐकतो?

या प्रकारानंतर पोट व मन यांचें नातें हा विषय जवळजवळ बदनाम झाला, व त्याला पुन्हां प्रतिष्ठा येण्यास फार वर्षें लागलीं. जपानांतील क्यूशू विद्यापीठांतील संशोधकांनीं २००४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. जन्मापासून एकाही जंतूचा स्पर्श होऊं न देतां उंदीर वाढवितां येतात. त्यांचें अन्न, पाणी व हवा हीं सर्व निर्जंतुक असतात. असा उंदीर व साधा उंदीर या दोघांनाही कांहीं वेळ अरुंद नळींत कोंडून ठेवलें असतां, जंतुविरहित उंदराच्या रक्तांत संकटसमयींचे अंतःस्राव कितीतरी अधिक वाढले. जणू त्याच्या भीतीला लगामच नव्हता. त्याला एक विशिष्ट जंतु लहानपणींच दिला तर हा फरक नाहींसा होई. साध्या उंदरांचे जंतु देऊनही फरक कांहीं अंशीं भरून येई. पण ते देण्यास उशीर केला तर उपयोग होत नसे. मेंदू घडत असतांना जंतूंचें कांहींतरी काम असतें, आणि त्या कामाची एक वेळ असते, असा याचा अर्थ.

याहून चोख प्रयोग आयर्लंडमधील कॉर्क येथें झाला. तेथील शास्त्रज्ञांनीं उंदरांना लॅक्टोबॅसिलस जातीचा एक जंतु रोज चारला. जंतु न मिळालेल्या उंदरांपेक्षां हे उंदीर उघड्या जागीं अधिक निर्भयपणें फिरले, व पाण्यांत सोडले असतां त्यांच्या रक्तांत संकटाचा स्राव कमी चढला. नंतर कांहीं उंदरांची व्हेगस दोरी कापली, आणि त्याच जंतूचा परिणाम पार नाहींसा झाला. निरोप कोणत्या तारेनें जात होता तें तार तोडून सिद्ध केलें! हा निबंध २०११ सालीं प्रसिद्ध होतांच जगभर गाजला. त्यानंतर त्याच गांवांतील शास्त्रज्ञांनीं तोच जंतु माणसांना देऊन पाहिला. २९ निरोगी पुरुषांना चार आठवडे जंतूची कुपी व चार आठवडे हुबेहूब दिसणारी पोकळ कुपी दिली. कोणती केव्हां चालू आहे हें त्यांना कळूं दिलें नाहीं. मग त्यांना हात थंडगार पाण्यांत धरावयास लावून त्यांच्यावर पडणारा ताण मोजला. फरक कांहींच नाहीं. उंदराला निर्भय करणारा जंतु माणसाच्या बाबतींत पोकळ कुपीपेक्षां तसूभरही सरस ठरला नाहीं. आणि ही गोष्ट त्यांनीं २०१७ सालीं जशीच्या तशी छापली. ज्या कल्पनेनें आपलें नांव झालें तिलाच अशा कसोटीला लावणें व निकाल न लपविणें, हें मला पहिल्या प्रयोगाहून मोठें वाटतें. ट्रेंटनला नेमकें हेंच घडलें नव्हतें.

मग माणसांविषयीं कांहींच पुरावा नाहीं काय? आहे, पण तो तुकड्यातुकड्यांनीं आहे. बेल्जममधील ल्यूवेन येथील संशोधकांनीं २०१९ सालीं १०५४ माणसांच्या विष्ठेची तपासणी प्रसिद्ध केली. नैराश्यानें पीडित असलेल्यांत जंतूंच्या दोन जाति कमी आढळल्या, आणि घेत असलेल्या औषधांचा परिणाम हिशेबांतून वजा केला तरी तो फरक राहिला. परंतु खिन्न मनुष्य नीट जेवत नाहीं, फिरत नाहीं, झोंपत नाहीं. त्यामुळेंच त्याचे जंतु बदलले असतील तर? कॉर्कच्या मंडळींनीं २०१६ सालीं नैराश्याच्या रोग्यांचे जंतु उंदरांच्या वंशांतील मोठ्या घुशींसारख्या प्राण्यांना, म्हणजे प्रयोगशाळेंतील 'रॅट' यांना दिले, तेव्हां तेही बिचकूं लागले व गोड पाण्यावरील त्यांची वासना उडाली. यावरून जंतु नुसते साक्षीदार नसून आरोपींतही असावेत असा संशय बळावतो. पण रॅट झाला तरी तो मनुष्य नव्हे. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत ४९ रोग्यांवर परीक्षा झाली, तिचा निकाल २०२३ सालीं आला. औषध चालू असूनही ज्यांना पुरता गुण येत नव्हता त्यांना आठ आठवडे औषधाच्या जोडीला जंतु दिले, व पोकळ कुपी घेणाऱ्यांपेक्षां त्यांच्यांत अधिक सुधारणा दिसली. 'जोडीला' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे, आणि ४९ ही संख्याही लहानच आहे.

आहाराविषयींचा एक प्रयोग पालकांनीं विशेष लक्षांत घ्यावा असा आहे. ऑस्ट्रेलियांत नैराश्यानें ग्रासलेल्या ६७ जणांपैकीं निम्म्यांना १२ आठवडे आहाराविषयीं मार्गदर्शन मिळालें: भाज्या, फळें, कडधान्यें, कोंड्यासह धान्य, मासे, तेलबिया वाढवाव्या, व गोडधोड, तळलेलें, मैद्याचें कमी करावें. उरलेल्यांना तितकाच वेळ कोणीतरी येऊन आपुलकीनें गप्पा मारी. २०१७ सालीं निकाल आला. आहार बदललेल्यांपैकीं सुमारें ३२ टक्के व दुसऱ्या गटांतील ८ टक्के लोक दुखण्यांतून मोकळे झाले. आपण काय खातों हें कोणापासून लपवितां येत नाहीं, म्हणून ही परीक्षा कुपीच्या परीक्षेइतकी कडक धरतां येत नाहीं, आणि फरक जंतूंमुळें पडला कीं अन्य कारणानें हेंही तीवरून ठरत नाहीं. तरी यांतील बहुतेक जिन्नस आपल्या स्वयंपाकघराला परके नाहींत. ज्वारी, बाजरी, नाचणी, मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगा, कांदा, लसूण, दही, ताक, आंबील यांना आपण गरिबाचें किंवा जुन्या काळचें जेवण म्हणून ताटांतून उठवीत चाललों आहों, आणि त्यांच्या जागीं पाकिटांतील कुरकुरीत मैदा येत आहे. भाकरीनें नैराश्य बरें होतें असें मी म्हणत नाहीं. परंतु आंतड्यांतील जंतूंना खावयास कोंडा लागतो, आणि पाकिटांत तो नसतो, एवढें निश्चित आहे. तसेंच साध्या पडशावर प्रतिजैविक गोळ्या दुकानांतून परस्पर आणून मुलांना देण्याची जी संवय पुष्कळ घरीं आहे, तिनें पडसें तर हटत नाहींच, पण आंतड्यांतील निरपराध वस्तीची मात्र कत्तल होते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं १२ राज्यांत जी पाहणी केली तीवरून, प्रौढांपैकीं सुमारें विसांत एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां नैराश्य गांठतें असें दिसलें. हा आंकडा पाहतां ज्या घरांत हा अंक वाचला जाईल त्यांपैकीं कांहीं घरांत तें आजही असेल. अशा घरांत आजाऱ्याला दोन प्रकारचे बोल ऐकावे लागतात. एक, 'मन घट्ट कर, हीं सारीं थेरें आहेत'. आणि अलीकडे दुसरा, 'ह्या गोळ्या सोड, अमुक जंतूंची कुपी घे, रोज दही खा, सर्व ठीक होईल'. पहिला बोल किती पोकळ आहे तें वर सांगितलेल्या प्रयोगांवरून दिसेलच. ज्या दुखण्यांत मज्जातंतु, अंतःस्राव व दाह यांचा संबंध येतो तें नुसत्या दटावणीनें हटत नाहीं. दुसरा बोल अधिक धोक्याचा आहे, कारण तो शास्त्राच्या वेषांत येतो. नैराश्याचीं औषधें एकाएकीं सोडल्यानें त्रास होतो व दुखणें उलटूं शकतें. तीं कमी करावयाचीं तीं डॉक्टरांच्या सांगण्यानेंच. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्न राहूं लागलें, मित्रांना टाळूं लागलें, जेवण-झोंप बिघडली, किंवा 'मी नसलेलोंच बरें' असें बोलूं लागलें, तर त्याच्या पोटाची चौकशी करण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसावें व त्याला डॉक्टरांकडे न्यावें. ज्यांच्या गांवीं मनोविकारांचे डॉक्टर नाहींत त्यांच्यासाठीं भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनीची सोय केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथें दिवसरात्र केव्हांही, मराठींतूनही, विनामूल्य बोलतां येतें. विद्यार्थ्यानें स्वतः फोन केला तरी चालतो.